प्रोटेक्शन व्हिसा नाकारल्यानंतर न्यायालय नेमके काय तपासते

ऑस्ट्रेलियात प्रोटेक्शन व्हिसा, म्हणजे आश्रयाचा व्हिसा, मागणाऱ्या माणसाच्या हाती सरकारी नकाराची फेरतपासणी करणाऱ्या न्यायाधिकरणाचाही नकार पडतो, तेव्हा त्याच्या मनात बहुधा एकच विचार येतो: आता कोर्टात जाऊ, न्यायाधीशांना सगळे पहिल्यापासून सांगू, ते तरी आपल्यावर विश्वास ठेवतील. हा विचार स्वाभाविक आहे, पण ऑस्ट्रेलियन कायद्यात त्याला आधार नाही आणि या एका गैरसमजापायी कित्येक अर्ज सुनावणीत उभेही राहू शकत नाहीत. अर्जदाराची हकीकत खरी की खोटी, हे न्यायालय ठरवत नाही. त्याला मायदेशी पाठवले तर त्याच्या जिवाला धोका आहे की नाही, हेही ठरवत नाही. ज्यांनी ते ठरवले, त्यांनी कायद्याने आखून दिलेल्या चौकटीत राहून ठरवले का, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे असतो. हा प्रश्न अरुंद आहे. तरीही त्याच्या बळावर अनेकांना नव्याने सुनावणी मिळाली आहे आणि तो विचारण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेण्याचा प्रयत्न सरकारने केला तेव्हा तो फसला आहे.

मेलबर्न किंवा सिडनीत राहणाऱ्या मराठी माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाही. प्रोटेक्शन व्हिसासाठी भारतीय नागरिकही अर्ज करतात आणि अडचणीत सापडलेला माणूस सल्ल्यासाठी आधी आपल्या भाषेच्या, आपल्या गावाकडच्या माणसाकडेच धाव घेतो. त्या वेळी चुकीचे सांगण्यापेक्षा नीट माहिती असलेली बरी.

न्यायालयाच्या आधीचा रस्ता

वैध व्हिसावर ऑस्ट्रेलियात आलेली व्यक्ती आश्रय मागते तेव्हा ती सहसा ८६६ या उपवर्गातील कायमस्वरूपी प्रोटेक्शन व्हिसासाठी अर्ज करते. अर्ज गृह खात्याकडे जातो आणि मंत्र्यांच्या वतीने एक अधिकारी त्यावर निर्णय देतो. या निर्णयाचा पाया म्हणजे १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टचे कलम ३६. त्यात संरक्षणाच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली वाट निर्वासिताची: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणाने मायदेशी आपला छळ होईल, अशी साधार भीती त्या व्यक्तीला असली पाहिजे. दुसरी वाट पूरक संरक्षणाची, जी २४ मार्च २०१२ पासून खुली झाली. छळामागे वरील पाचपैकी एकही कारण नसेल, पण परत गेल्यास मनमानीने जीव घेतला जाण्याचा, देहदंडाचा, यातनांचा किंवा क्रूर आणि अमानुष वागणुकीचा खरा धोका असेल, तर ही वाट कामी येते.

भीती साधार ठरायला छळाची शक्यता किती असावी लागते? याचे उत्तर ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने १९८९ साली दिले. तिथे हायकोर्ट हेच देशाचे सर्वोच्च न्यायालय आहे, आपल्याकडच्या सुप्रीम कोर्टाच्या जागी, हे वाचताना ध्यानात ठेवावे. छळाची शक्यता खरीखुरी असली, निव्वळ कल्पनेतली नसली, की पुरे. ती पन्नास टक्क्यांहून अधिक असण्याची गरज नाही, असे त्या निकालाने ठरवले. न्यायमूर्ती मॅकह्यू यांनी तर शक्यता १० टक्केच असली तरी भीती साधार असू शकते, असे लिहिले. अर्जदाराच्या दृष्टीने ही उदार कसोटी आहे, आणि अधिकाऱ्याने याहून कठोर कसोटी लावली तर ती पुढे न्यायालयात दाखवण्याजोगी चूक ठरते.

भारतासारख्या विस्तीर्ण देशातून आलेल्या अर्जदारापुढे आणखी एक प्रश्न हटकून उभा राहतो. तुमच्या गावात, तुमच्या जिल्ह्यात तुम्हाला धोका आहे हे मान्य केले, तरी त्याच देशातल्या दुसऱ्या एखाद्या मोठ्या शहरात जाऊन तुम्ही सुरक्षित का राहू शकत नाही? १६ डिसेंबर २०१४ पासून दाखल झालेल्या अर्जांमध्ये निर्वासिताच्या वाटेने जाणाऱ्याला छळाची शक्यता संपूर्ण देशभर असल्याचे दाखवावे लागते. पूरक संरक्षणाच्या वाटेवर मात्र त्या व्यक्तीने दुसरीकडे जाऊन राहणे तिच्या परिस्थितीत वाजवी ठरेल का, हेही पाहावे लागते. भाषा, काम, कुटुंब, आजारपण हे सगळे तिथे मोजले जाते. दोन वाटांच्या दोन कसोट्यांची गल्लत होणे ही कागदोपत्री बारीक दिसणारी पण परिणामाने मोठी गोष्ट आहे.

खात्याने नकार दिला की पुढचा टप्पा न्यायाधिकरणाचा. १४ ऑक्टोबर २०२४ पासून ते ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल या नावाने काम करते. त्याआधी हे काम ॲडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलकडे होते आणि २०१५ पूर्वी रेफ्यूजी रिव्ह्यू ट्रायब्युनलकडे. इथे अर्जदाराची गोष्ट खरोखर पुन्हा ऐकली जाते. नवे पुरावे देता येतात, दुभाषा मिळतो, साक्षीदारांचे म्हणणे मांडता येते आणि न्यायाधिकरणाचा सदस्य खात्याच्या जागी बसून सगळा निर्णय नव्याने घेतो. मुदत साधारणपणे नकार कळवल्यापासून २८ दिवसांची आहे, स्थानबद्ध असलेल्यांसाठी अवघी ७ दिवसांची, आणि ती वाढवून देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाही. सांगायचे ते सगळे सांगण्याची ही शेवटची जागा आहे. इथे राखून ठेवलेला पुरावा पुढे न्यायालयात कामाला येईल, असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये.

गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन

महाराष्ट्रात दहावी-बारावीचा निकाल लागला की गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांतला फरक घराघरांत समजून घेतला जातो. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरे वाचून पुन्हा गुण देतो. गुणपडताळणीत सगळी उत्तरे तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का, एवढेच पाहिले जाते. न्यायाधिकरणाचे काम पुनर्मूल्यांकनाचे आहे आणि न्यायालयाचे काम गुणपडताळणीच्या जवळ जाणारे. उत्तराला पाचऐवजी आठ गुण द्यायला हवे होते, हे म्हणणे न्यायालयाला ऐकता येत नाही. चौथ्या प्रश्नाचे उत्तर परीक्षकाने वाचलेलेच नाही, हे म्हणणे ऐकता येते. अर्थात न्यायालयाची तपासणी बेरजेपुरती नसते. कायद्याचा अर्थ चुकीचा लावला का, सुनावणी न्याय्य झाली का, निष्कर्ष तर्काला धरून आहे का, इतक्या खोलवर ती जाते.

ज्या चुकीमुळे निर्णय कायद्याच्या दृष्टीने निर्णयच राहत नाही, तिला अधिकारक्षेत्राची चूक म्हणतात. संसदेने न्यायाधिकरणाला निर्णयाचा अधिकार दिला तो काही अटींवर: कायद्याची योग्य कसोटी लावा, अर्जदाराचे म्हणणे ऐका, मांडलेल्या प्रत्येक दाव्याचा विचार करा, सूज्ञपणाला सोडून वागू नका. यातली अट मोडली की दिलेला अधिकारही उरत नाही. या अटींच्या आत राहून न्यायाधिकरणाने चुकीचा, अगदी न्यायाधीशांना स्वतःला पटणार नाही असा निष्कर्ष काढला, तरी तो टिकतो. हे ऐकायला कठोर वाटते, आणि ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे त्याला ते कठोर वाटणारच. परंतु निर्णय कोणी घ्यायचा हे संसदेने ठरवायचे आणि तो कायद्याला धरून घेतला जातो की नाही हे न्यायालयाने पाहायचे, या विभागणीवर ही सगळी रचना उभी आहे.

जो दरवाजा बंद करता आला नाही

२००१ च्या ऑगस्टमध्ये टाम्पा या नॉर्वेजियन मालवाहू जहाजाने समुद्रातून वाचवलेल्या आश्रयार्थींना ऑस्ट्रेलियाने आपल्या किनाऱ्यावर उतरू देण्यास नकार दिला आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत संसदेने आश्रयाविषयीचे अनेक कायदे झपाट्याने संमत केले. त्यांतल्या एकाने मायग्रेशन ॲक्टमध्ये कलम ४७४ आणले. या कायद्याखालचे निर्णय अंतिम आहेत, त्यांना कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, ते रद्द करता येणार नाहीत, असे त्या कलमाचे शब्द होते. शब्दशः घेतले असते तर आश्रयार्थींसाठी न्यायालयाचा दरवाजा तिथेच बंद झाला असता.

तो बंद झाला नाही, याचे श्रेय ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील कलम ७५ च्या पाचव्या उपकलमाला जाते. राष्ट्रकुलाच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारच्या, कोणत्याही अधिकाऱ्याविरुद्ध परमादेश (कर्तव्य पार पाडण्याचा हुकूम), प्रतिषेध (अधिकाराबाहेर जाण्यास मनाई) किंवा मनाई हुकूम मागणाऱ्या प्रत्येक प्रकरणात हायकोर्टाला मूळ अधिकार आहे, असे ते सांगते. हे उपकलम टास्मानियाचे कायदेपंडित अँड्रू इंग्लिस क्लार्क यांच्या आग्रहातून आले. १८९८ साली मेलबर्नच्या घटनापरिषदेत ते मसुद्यातून वगळले गेले होते. परिषदेचे सदस्य नसलेल्या क्लार्क यांनी परिषदेचे नेते एडमंड बार्टन यांना त्याचे महत्त्व कळवले आणि बार्टन यांनी ते परत आणले. शंभर वर्षांनंतर एका आश्रयार्थीचा खटला याच ओळीवर उभा राहिला, हे वाचताना मला त्या एका माणसाच्या चिकाटीचे फार मोल वाटते.

४ फेब्रुवारी २००३ रोजी ‘फिर्यादी एस१५७/२००२ विरुद्ध राष्ट्रकुल’ या खटल्यात हायकोर्टाने निकाल दिला. न्यायालयाचा युक्तिवाद वरवर साधा होता. कलम ४७४ हे मायग्रेशन ॲक्टखाली घेतलेल्या निर्णयांना संरक्षण देते. अधिकारक्षेत्राची चूक असलेला निर्णय हा त्या कायद्याखाली घेतलेला निर्णय मानताच येत नाही. म्हणून त्याला कलम ४७४ चे कवच मिळत नाही. शिवाय घटनेने हायकोर्टाला दिलेला हा अधिकार साध्या कायद्याने संसदेला काढून घेता येणार नाही, हेही स्पष्ट झाले. कलम ४७४ आजही कायद्याच्या पुस्तकात आहे, पण आव्हान देणाऱ्याच्या वाटेतली मोठी धोंड त्या दिवशी दूर झाली.

भारतातल्या वाचकाला यात ओळखीचा सूर ऐकू येईल. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ खाली सुप्रीम कोर्टात आणि कलम २२६ खाली मुंबई उच्च न्यायालयासारख्या न्यायालयांत रिट याचिका करता येते. परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण (खालचा निर्णय रद्द करण्याचा आदेश) ही आदेशांची नावेही तीच आहेत, कारण दोन्ही देशांनी ती इंग्लंडच्या जुन्या कायद्यातून घेतली. १९९७ साली एल. चंद्रकुमार खटल्यात सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, न्यायाधिकरणे नेमली तरी उच्च न्यायालयांचा पुनर्विलोकनाचा अधिकार काढून घेता येणार नाही, असा निर्णय दिला. फरक आहे तो आश्रयाच्या हक्कात. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराचा भारत सदस्य नाही. ऑस्ट्रेलियाने तो १९५४ मध्येच स्वीकारला.

खटल्याचे नाव ‘एस१५७/२००२’ असे अक्षर-आकड्यांचे का, असे कोणीही विचारील. मायग्रेशन ॲक्टच्या कलम ९१ एक्सने प्रोटेक्शन व्हिसा मागणाऱ्याचे नाव प्रसिद्ध करण्यास न्यायालयांना मनाई केली आहे. मायदेशातील ज्यांच्यापासून माणूस पळाला, त्यांच्या हाती निकालपत्र लागले तरी त्यांना नाव कळू नये, हा हेतू. न्यायालयात गेलो तर गावाकडे बभ्रा होईल, ही भीती ज्यांना मागे खेचते त्यांना ही तरतूद आवर्जून सांगावी.

कोणती चूक न्यायालयात चालते

सिद्धान्तापेक्षा उदाहरणातून हे लवकर समजते, म्हणून एका प्रकरणात जरा खोलवर जाऊ. एक इराणी खलाशी ऑस्ट्रेलियात जहाज सोडून पळाला. आपल्याला ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे, ही गोष्ट जहाजाच्या कप्तानाला कळली आहे आणि इराणमध्ये परतल्यास आपला छळ होईल, असे त्याचे म्हणणे. खात्याच्या अधिकाऱ्याने अर्ज नाकारला. न्यायाधिकरणापुढे सुनावणी झाली, त्याला प्रश्न विचारले गेले, आणि मग निकालपत्रात त्याच्या हकीकतीतील तीन बाबी पटण्याजोग्या नाहीत असे लिहून नकार कायम केला गेला. त्यांत कप्तानाला ही गोष्ट कळली कशी आणि कळल्यावर तो वागला कसा, हे मुद्दे होते. अडचण अशी की खात्याच्या अधिकाऱ्याने यातल्या काही बाबींवर बोट ठेवलेलेच नव्हते आणि न्यायाधिकरणानेही सुनावणीत ‘हे आम्हाला पटत नाही’ असे सूचित केले नव्हते. जे वादात आहे हेच माहीत नाही, त्याविषयी माणूस पुरावा कसा आणणार, खुलासा कसा करणार? डिसेंबर २००६ मध्ये ‘एसझेडबीईएल’ या सांकेतिक नावाच्या या खटल्यात हायकोर्टाने एकमताने सांगितले की खात्याने ज्या मुद्द्यांवर नकार दिला तेच मुद्दे निर्णायक आहेत असे धरून चालण्याचा अर्जदाराला हक्क आहे, आणि न्यायाधिकरणाला दुसरा मुद्दा निर्णायक वाटत असेल तर त्याने तो अर्जदारापुढे मांडला पाहिजे. खलाशाची गोष्ट खरी होती, असे न्यायालयाने कुठेही म्हटले नाही. त्याला उत्तर देण्याची संधी मिळाली नाही, एवढेच म्हटले, आणि तेवढ्यावर निर्णय रद्द झाला.

कायद्याची कसोटी चुकल्याचे ठळक उदाहरण ‘एस३९५/२००२’ या खटल्यात सापडते. बांगलादेशातील दोन समलिंगी पुरुष जोडीदार म्हणून एकत्र राहत होते. त्यांनी आपले नाते गुप्तपणे जपले आहे आणि पुढेही तसेच जपतील, म्हणून त्यांना छळाची साधार भीती नाही, असे न्यायाधिकरणाने ठरवले. डिसेंबर २००३ मध्ये हायकोर्टाच्या सातपैकी चार न्यायमूर्तींनी हा निर्णय रद्द केला. ते गुप्तपणे का राहतात, हा प्रश्न न्यायाधिकरणाने विचारलाच नव्हता. छळाच्या भीतीपोटीच माणूस स्वतःला लपवत असेल, तर ते लपवणे हाच छळाचा पुरावा असू शकतो. आता मायग्रेशन ॲक्टमध्येच असे आहे की अर्जदाराकडून वागणुकीत वाजवी बदलाची अपेक्षा करता येते, पण लैंगिक कल लपवण्याची किंवा धर्मश्रद्धा सोडण्याची अपेक्षा करता येत नाही.

२००३ सालच्याच आणखी एका निकालात एका रशियन व्यावसायिकाचा दावा असा होता की गुन्हेगारीविरुद्ध पोलीस काही करत नाहीत अशी उघड टीका करणाऱ्या व्यावसायिकांच्या गटातला आपण आहोत, म्हणून आपल्याला धोका आहे. न्यायाधिकरणाने विचार केला तो ‘रशियातील व्यावसायिक’ या सरसकट गटाचा. जो दावा केला होता त्याचे उत्तर दिलेच नाही, दुसऱ्याच दाव्याचे दिले. नेमकेपणाने मांडलेल्या मुख्य दाव्याची दखल न घेणे ही अधिकारक्षेत्राची चूक ठरली. आज न्यायालयात यशस्वी होणाऱ्या बऱ्याच अर्जांच्या मुळाशी हाच प्रकार असतो: एखादा दावा, एखादे निर्णायक कागदपत्र निकालपत्रात नजरेआड झालेले असते.

याउलट ‘माझ्यावर विश्वास ठेवला नाही’ हे कारण एकट्याने चालत नाही. कोणाच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा, हे ठरवणे न्यायाधिकरणाचेच काम आहे. तो अविश्वास कोणत्याही पुराव्याशिवाय किंवा तर्काला सोडून असेल तरच न्यायालय हात घालते. निकालपत्राचा कीस काढत, चूक सापडलीच पाहिजे अशा नजरेने ते वाचायचे नसते, हा दंडकही हायकोर्टाने १९९६ पासून घालून दिला आहे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक पायरी वाढली आहे. चूक झाली एवढे दाखवून आता भागत नाही. चूक झाली नसती तर निर्णय वेगळा लागण्याची वास्तव शक्यता होती, हेही दाखवावे लागते. २०१८ पासूनच्या निकालांतून ही अट घट्ट होत गेली. २०२१ मध्ये ‘एमझेडएपीसी’ या एका भारतीय नागरिकाच्या खटल्यात हायकोर्टाने बहुमताने ठरवले की ही शक्यता सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच आहे. खात्याने त्याच्याविषयीची काही कागदपत्रे न्यायाधिकरणाकडे पाठवली होती. त्यांत त्याच्या किरकोळ गुन्ह्यांची नोंद होती आणि ती पाठवल्याचे त्याला सांगितले गेले नव्हते. हा अन्याय झाला हे मान्य झाले, पण त्या कागदांचा निर्णयावर परिणाम होऊ शकला असता हे त्याला दाखवता आले नाही, म्हणून तो हरला. एप्रिल २०२४ मध्ये ‘एलपीडीटी’ खटल्यात न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले की ही पायरी फार उंच नाही आणि न्यायाधीशांनी या निमित्ताने स्वतःच मूळ दाव्याच्या खरे-खोटेपणाचा निर्णय करू लागू नये. हा खुलासा आवश्यकच होता. ज्याला आपल्याविषयीचा कागद दाखवलाच गेला नाही, त्यानेच तो दाखवला असता तर काय झाले असते हे सिद्ध करावे, या अपेक्षेत एक ओझे आहे, आणि वकील नसलेल्या माणसाला ते पेलवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दाखल करताना

अर्ज फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या विभागात करायचा असतो. मुदत ३५ दिवसांची, आणि ती न्यायाधिकरणाच्या लेखी निर्णयाच्या तारखेपासून मोजली जाते. पत्र हाती पडल्याच्या दिवसापासून नव्हे. पत्ता बदलला, ईमेल उशिरा उघडला, तरी घड्याळ चालूच असते. उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण त्यासाठी उशिराचे कारण प्रतिज्ञापत्रावर सांगावे लागते आणि मूळ मुद्द्यात काही तथ्य आहे हेही दाखवावे लागते. मुदतवाढ नाकारली गेली तर त्या नकाराविरुद्ध फेडरल कोर्टात अपील करता येत नाही, म्हणून हे ३५ दिवस जिवापाड जपावेत.

अर्जात कारणे लिहावी लागतात आणि इथेच सर्वाधिक नुकसान होते. ‘न्यायाधिकरणाने नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाचा भंग केला’ असे कुठून तरी उतरवून घेतलेले वाक्य न्यायाधीशांना काहीच सांगत नाही. समजा, एका अर्जदाराने सुनावणीआधी पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत आणि तिचे भाषांतर न्यायाधिकरणाला दिले होते, आणि निकालपत्रात ‘अर्जदाराने पोलिसांकडे कधीच दाद मागितली नाही’ असे वाक्य आहे. मग कारण असे लिहायला हवे: अमुक तारखेला अमुक कागद सादर केला, निकालपत्राच्या अमुक परिच्छेदात त्याची दखल नाही, आणि पोलिसांचे संरक्षण मिळू शकले असते हा निष्कर्ष त्याच परिच्छेदावर उभा आहे. कागद, परिच्छेद आणि परिणाम हे तिन्ही जोडून दाखवले की अर्ज उभा राहतो. सुनावणीत काही विचारले गेले नाही किंवा दुभाषाने चुकीचे भाषांतर केले असा मुद्दा असेल, तर सुनावणीचे ध्वनिमुद्रण मागवून त्याची लेखी प्रत पुरावा म्हणून जोडावी लागते. नुसत्या आठवणीवर न्यायालय विसंबत नाही.

खटल्यात पहिले प्रतिवादी मंत्री असतात आणि दुसरे न्यायाधिकरण, जे सहसा वादात भाग घेत नाही. हरलात तर मंत्र्यांच्या वकिलांचा खर्च तुमच्यावर बसतो आणि ती रक्कम हजारो डॉलरची असते. अर्ज दाखल करणाऱ्या वकिलाला त्यात यशाची वाजवी शक्यता आहे, असे लेखी प्रमाणित करावे लागते. म्हणून वकील ‘यात मुद्दा नाही’ म्हणाला तर तो टाळतो आहे असे समजू नये. वकील नसलेला मायग्रेशन एजंट न्यायालयात तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही. न्यायालयात अर्ज केला म्हणून देशात राहण्याची परवानगी आपोआप चालू राहत नाही. ब्रिजिंग व्हिसाची, म्हणजे प्रकरणाचा निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या व्हिसाची, स्थिती वेगळी तपासून त्यासाठी वेळेत अर्ज करावा लागतो.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. विद्यार्थी व्हिसा संपत आलेल्या मुलांना ‘प्रोटेक्शनचा अर्ज टाका, काही वर्षे काम करता येईल’ असा सल्ला देणारे लोक आपल्या समाजातही आहेत. तो सल्ला त्या मुलाचे भविष्य धोक्यात घालतो. एकदा प्रोटेक्शन व्हिसा नाकारला गेला की कलम ४८ ए अन्वये ऑस्ट्रेलियात असताना मंत्र्यांच्या परवानगीशिवाय पुन्हा तो अर्ज करता येत नाही, इतर अनेक व्हिसांचे मार्गही आक्रसतात, आणि उद्या खरोखरच धोका उद्भवला तर सांगायला जागा उरत नाही. शिवाय अशा प्रत्येक अर्जामागे जीव मुठीत धरून आलेल्या एखाद्या माणसाची सुनावणी मागे ढकलली जाते.

जिंकल्यावर आणि हरल्यावर

न्यायालयात हरल्यास २८ दिवसांत फेडरल कोर्टात अपील करता येते आणि तिथेही अपयश आले तर हायकोर्टाची विशेष परवानगी मागता येते, जी फार थोड्यांना मिळते. यानंतर उरतो मंत्र्यांचा वैयक्तिक अधिकार. लोकहिताचे वाटल्यास मंत्री न्यायाधिकरणाच्या निर्णयाऐवजी अधिक अनुकूल निर्णय देऊ शकतात, पण त्यांनी तो अधिकार वापरलाच पाहिजे असे कोणी त्यांना सांगू शकत नाही. अशी विनंती मंत्र्यांपर्यंत पोहोचवायची की नाही हे पूर्वी खात्यातले अधिकारीच लोकहिताचा अंदाज बांधून ठरवत. एप्रिल २०२३ मध्ये हायकोर्टाने ही पद्धत बेकायदा ठरवली, कारण संसदेने तो निवाडा फक्त मंत्र्यांकडे सोपवला आहे.

जिंकल्यास व्हिसा मिळत नाही. न्यायालय उत्प्रेषणाच्या आदेशाने न्यायाधिकरणाचा निर्णय रद्द करते आणि परमादेशाने त्याला कायद्यानुसार पुन्हा निर्णय घ्यायला सांगते. प्रकरण परत न्यायाधिकरणाकडे जाते, बऱ्याचदा वेगळ्या सदस्यापुढे, आणि तो सदस्य कायदा नीट पाळून पुन्हा नकारही देऊ शकतो. दरम्यान बराच काळ लोटलेला असतो. नवा निर्णय नव्या तारखेच्या परिस्थितीवर घेतला जातो: मायदेशातले सरकार बदलले असेल, ज्याची भीती होती तो माणूस सत्तेवरून गेला असेल किंवा नव्याने आला असेल, अर्जदाराला इथे मूल झाले असेल, त्याने धर्म बदलला असेल. म्हणून न्यायालयाचा अनुकूल आदेश हाती आल्याबरोबर कामाला लागावे. जुन्या कागदांसोबत त्या देशाविषयीचे ताजे अहवाल, कुटुंबीयांची नवी निवेदने, वैद्यकीय दाखले आणि त्यांची प्रमाणित भाषांतरे गोळा करून, पहिल्या वेळी जो दावा नजरेआड झाला होता तो या वेळी पहिल्याच पानावर मांडावा.